फ्यूज बदला, आकडा बदलू नका

मोटारीतला फ्यूज उडाला की मालक साधारणपणे दोनपैकी एक वाट धरतात. काही जण ‘विजेचे काम आहे, आपल्याला त्यातले काय कळते’ म्हणून गाडी तशीच गॅरेजपर्यंत रेटतात. काही जण डिकीतल्या डबीत हाताला लागेल तो फ्यूज उचलून खाचेत दाबतात आणि मोकळे होतात. पहिल्या वाटेने पाच मिनिटांच्या कामात अख्खा दिवस जातो. दुसरीने एखाद्या दिवशी गाडीच जाऊ शकते. या दोन्हींमागे समज एकच आहे : फ्यूज म्हणजे गाडीचा एक बिघडणारा भाग, तो बिघडला की बदलायचा. प्रत्यक्षात उडालेला फ्यूज बिघडलेला नसतो. त्याने नेमून दिलेले काम केलेले असते. हे एकदा लक्षात आले की फ्यूज शोधणे, तपासणे आणि बदलणे यांतली प्रत्येक पायरी का तशी आहे ते कळते, आणि कुठे थांबायचे तेही कळते. म्हणून हे काम प्रत्येक गाडीवाल्याने शिकावे, पण एका अटीवर : फ्यूज बदलण्याची मुभा आपल्याला आहे, त्यावरचा आकडा बदलण्याची नाही.

फ्यूज मुख्यतः वाचवतो ती तार. रेडिओ, वायपरची मोटर किंवा दिवा वाचवणे हे त्याचे पहिले काम नाही. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. एवढ्या दाबाचा माणसाला सहसा धक्का बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण हीच बॅटरी स्टार्टर फिरवताना शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह देते आणि तिची दोन टोके थेट जोडली गेली तर कितीतरी शेकडे. दिव्याला किंवा हॉर्नला जाणारी तार मात्र काही अँपिअरसाठीच बनवलेली, बारीक असते. तिच्यावरचे प्लास्टिकचे वेष्टन घासून आतले तांबे गाडीच्या पत्र्याला टेकले, की बॅटरीची सगळी ताकद त्या बारीक तारेतून धावू लागते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. वेष्टन वितळते, शेजारच्या तारा उघड्या पडतात, आणि डॅशबोर्डमागे गालिचा, फोम, प्लास्टिक असे जळायला तयार सामान भरपूर असते. हे होण्याआधी कुठेतरी प्रवाह तुटला पाहिजे आणि तो ठरलेल्या जागी, बंदिस्त डबीत तुटला पाहिजे, एवढ्यासाठी फ्यूजमधली जस्ताच्या मिश्रधातूची पट्टी मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते.

फ्यूजवरचा आकडा हा त्या कमकुवतपणाचा हिशेब आहे, आणि तो बराच विचार करून बांधलेला असतो. आज सर्वत्र दिसणारा दोन पात्यांचा फ्यूज अमेरिकेतल्या लिटलफ्यूज कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणला. त्याआधी काचेच्या नळीचे किंवा चिनी मातीवर धातूची पट्टी असलेले फ्यूज असत. या पात्यांच्या फ्यूजची वागणूक प्रमाणित असते. त्यावरच्या आकड्यापेक्षा दहा टक्के जास्त प्रवाह तो निदान शंभर तास सोसतो. ३५ टक्के जास्त झाला तर दहा मिनिटांच्या आत तुटतो. दुप्पट झाला तर पाच सेकंदांच्या आत. म्हणजे क्षणभराच्या चढउताराने तो उगाच उडत नाही आणि खऱ्या संकटात वेळही दवडत नाही. गाडी बनवणारे तारेची जाडी, तिची लांबी, तिच्यावरचा भार हे पाहून त्या तारेला साजेसा फ्यूज निवडतात. आपण फक्त फ्यूज बदलतो. तार तीच राहते. म्हणून आकडाही तोच राहिला पाहिजे.

आता शोधण्याकडे वळू. फ्यूजची पेटी उघडण्याआधी थोडा विचार करावा, कारण काय बंद पडले यापेक्षा काय काय एकदम बंद पडले, हा प्रश्न जास्त उपयोगाचा असतो. चार खिडक्यांपैकी एकच काच खाली होत नसेल तर बहुधा तिचे बटण किंवा मोटर गेलेली असते. चारही एकदम थांबल्या तर फ्यूजवर संशय घ्यावा. मागचा एक ब्रेकचा दिवा लागत नसेल तर बल्ब पाहावा. सगळे ब्रेकचे दिवे एकदम गेले तर फ्यूज किंवा पेडलजवळचा स्विच पाहावा. हेडलाइटच्या बाबतीत हा नियम जपून वापरावा, कारण बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगवेगळा फ्यूज असतो, मुद्दामच, एक गेला तरी दुसरा जळत राहावा म्हणून. एका फ्यूजवर अनेकदा वरवर संबंध नसलेल्या गोष्टी टांगलेल्या असतात. छतातला दिवा, रेडिओची स्मृती आणि घड्याळ हे त्रिकूट अनेक गाड्यांत एकत्र असते. काही गाड्यांत मोबाइल चार्ज करायच्या सॉकेटचा आणि गॅरेजवाला स्कॅनर लावतो त्या पोर्टचा फ्यूज एकच असतो; सॉकेट मेले की स्कॅनरही चालू होत नाही आणि मोठा बिघाड झाल्याचा भास होतो.

बहुतेक गाड्यांत फ्यूजच्या दोन पेट्या असतात. एक डॅशबोर्डखाली, आपल्याकडच्या गाड्यांत बहुधा चालकाच्या गुडघ्याच्या वरच्या बाजूला किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. दुसरी बॉनेटखाली, बॅटरीच्या जवळपास, काळ्या झाकणाची. ढोबळमानाने आतल्या पेटीत रेडिओ, सॉकेट, वायपर, आतले दिवे अशा गोष्टी असतात, आणि बाहेरच्या पेटीत हेडलाइट, हॉर्न, रेडिएटरचा पंखा, एबीएस यांसारखे जास्त भाराचे फ्यूज. नेमका कोणता फ्यूज कशाचा, हे झाकणाच्या आतल्या बाजूच्या नकाशात आणि गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलेले असते. त्यातली संक्षिप्त अक्षरे पहिल्यांदा गोंधळात टाकतात, पण थोडीच आहेत : ‘एसीसी’ म्हणजे चावीच्या पहिल्या खटक्यावर चालू होणारा गट, ‘आयजी’ म्हणजे इग्निशन दिल्यावर चालू होणारा, ‘बी’ किंवा ‘बॅट’ म्हणजे चावी काढली तरी जिवंत असणारा. पुस्तिका हरवली असेल तर गाडीच्या नेमक्या मॉडेलची आणि वर्षाची पाहावी. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांत पेटीची रचना बदललेली असू शकते. अंदाजाने एकेक फ्यूज उपसून बघण्यात दोन तोटे आहेत : कुठला कुठे होता ते विसरते, आणि चांगल्या फ्यूजच्या खाचा उगाच सैल होतात.

फ्यूज काढण्याआधी गाडी सुरक्षित जागी थांबवून चावी काढावी आणि दिवे, पंखा, रेडिओ बंद करावेत. पेटीच्या झाकणात किंवा आतच कुठेतरी प्लास्टिकचा एक छोटा चिमटा अडकवलेला असतो. त्याने फ्यूज सरळ वर ओढावा. वेडावाकडा हलवला तर खाचेतली पितळी जीभ फाकते आणि पुढे तिथेच सैल जोड तयार होतो. फ्यूजची डबी पारदर्शक असते. उजेडाकडे धरली की आतली कमानीसारखी पट्टी अखंड आहे की तुटली आहे ते दिसते. पण डोळ्यांवर सगळा भरवसा ठेवू नये. पट्टीला केसाएवढी चीर असली तर ती दिसत नाही, आणि पायांना हिरवट गंज चढला असेल तर पट्टी शाबूत असूनही प्रवाह जात नाही. साधा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प जवळ असेल तर फ्यूज उपसावाही लागत नाही. फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. लॅम्पचा चिमटा गाडीच्या पत्र्याला लावावा, चावी देऊन संबंधित बटण चालू करावे आणि टोक एकेका ठिपक्याला टेकवावे. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला. एकाच बाजूला लागला तर तो उडालेला. कुठेच लागला नाही तर त्या फ्यूजपर्यंत वीजच आलेली नाही, म्हणजे दोष आधीच्या टप्प्यावर, बहुधा रिले, स्विच किंवा मोठ्या फ्यूजमध्ये आहे. हेच काम मल्टिमीटरही करतो.

उडालेला फ्यूज फेकून देण्याआधी नीट पाहावा, कारण काय झाले याचा पहिला पुरावा तोच असतो. डबीच्या आत काळपट काजळी आणि धातूचे तुषार दिसत असतील तर प्रवाह एकदम प्रचंड वाढला होता. याचा अर्थ तार कुठेतरी पत्र्याला टेकून शॉर्ट झाली आहे. पट्टी मधोमध स्वच्छ वितळून तुटली असेल तर भार हळूहळू वाढत गेला : जाम झालेली मोटर किंवा मागाहून जोडलेले जास्तीचे सामान. काजळी नाही, वितळल्याचे चिन्ह नाही, नुसती चीर आहे, असे असेल तर वर्षानुवर्षे तापून-थंड होऊन थकलेला फ्यूज असण्याची शक्यता आहे. फक्त म्हातारपणाने गेलेले असे फ्यूज असतात, पण थोडे. आणि पट्टी शाबूत असून प्लास्टिकच वितळले असेल तर दोष फ्यूजमध्ये नाही, खाचेत आहे : जोड सैल आहे, तिथे उष्णता निर्माण होते आहे, आणि नवा फ्यूज घालून ती थांबणार नाही.

नवा फ्यूज निवडताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत : आकडा, आकार आणि दर्जा. आकड्यासाठी रंगांची सोय आहे. नेहमीच्या आणि मिनी आकारात फिकट तपकिरी ५, गडद तपकिरी ७.५, लाल १०, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५ आणि हिरवा ३० अँपिअरचा असतो. मात्र केवळ रंगावर विसंबू नये. मॅक्सी नावाच्या मोठ्या फ्यूजमध्ये लाल रंग ५० अँपिअरचा आणि निळा ६० चा असतो, शिवाय उन्हातान्हात जुन्या फ्यूजचे रंग विटतात. पाठीवर कोरलेला आकडा वाचावा आणि तो झाकणावरच्या नकाशाशी ताडून पाहावा. आधीच्या मालकाने किंवा कारागिराने चुकीचा फ्यूज बसवून ठेवलेला असू शकतो, अशा वेळी जुन्याची नक्कल म्हणजे जुन्या चुकीची नक्कल. आकार चुकला तर फ्यूज एक तर बसत नाही किंवा सैल बसतो, आणि सैल बसणे जास्त वाईट. दर्जाचे म्हणाल तर बिननावाच्या स्वस्त पाकिटातले काही फ्यूज आकड्याच्या दुप्पट प्रवाहालाही वेळेवर तुटत नाहीत. काही रुपये वाचवण्याची ही जागा नाही.

नवा फ्यूज चावी बंद ठेवून, पूर्ण आत टेकेपर्यंत दाबावा. मग लगेच सगळे चालू न करता क्रमाने जावे : आधी चावी, मग ते बटण, मग गाडी थोडी चालवून पाहणे. नवा फ्यूज पुन्हा उडालाच तर तो कोणत्या पायरीवर उडाला यावरून दोषाचा पत्ता लागतो. खाचेत घालताक्षणी किंवा चावी देताच उडाला तर स्विचच्या आधीची तार शॉर्ट आहे. बटण दाबल्यावर उडाला तर ते यंत्र किंवा त्याच्याकडे जाणारी तार दोषी आहे. काही मिनिटे चालून उडाला तर भार जास्त आहे; वायपरच्या सांध्यात चिखल अडकला असेल, पंख्याची मोटर जड फिरत असेल. खड्ड्यात आदळल्यावर किंवा डिकी उघडताना उडाला तर तार कुठेतरी घासली गेली आहे, बहुधा दरवाजाच्या किंवा डिकीच्या बिजागरीजवळ, जिथे ती रोज वाकते. एवढे सांगितले तरी ऑटो इलेक्ट्रिशियनचा निम्मा वेळ वाचतो. पण तिसरा, चौथा फ्यूज घालून बघू नये. प्रत्येक वेळी फ्यूज तुटेपर्यंत त्या तारेतून प्रचंड प्रवाह जातो. जाणते कारागीर फ्यूजच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडतात. शॉर्ट असेपर्यंत तो झगझगीत जळतो, पण दोन अँपिअरच्या आतच प्रवाह जाऊ देतो, आणि शोधता शोधता दोषी तार सुटी झाली की तो मंदावतो किंवा विझतो.

आपल्याकडच्या गाड्यांत दोष कुठे असतो, याचे काही ठरलेले पत्ते आहेत. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर आसरा घेतात आणि तारांची वेष्टने कुरतडतात. त्याच दिवसांत दिव्यांच्या आणि हॉर्नच्या जोडांत पाणी शिरते; कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेने ते जोड लवकर गंजतात. सॉकेटमध्ये पडलेले नाणे किंवा चार्जरचे तुटलेले टोक हे फ्यूज जाण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण. त्या सॉकेटवर अनेकदा १२० वॅट असे छापलेले असते, म्हणजे १० अँपिअर. चाकात हवा भरायचे काही पंप एकटेच त्याहून जास्त प्रवाह ओढतात. आणि सर्वांत मोठा पत्ता म्हणजे शोरूमबाहेर पडल्यावर गाडीत घातलेले सामान : मोठे हॉर्न, फॉग लॅम्प, रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉक. कंपनीच्या तारेला चीर देऊन, नुसती टेप गुंडाळून केलेला जोड काही महिन्यांत सुटतो. अशा सामानाला बॅटरीपासून स्वतंत्र तार, स्वतंत्र फ्यूज आणि गरजेप्रमाणे रिले असा आग्रह मालकाने धरला पाहिजे.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आणि नेहमीचा आक्षेप असा : १५ चा फ्यूज वारंवार उडतो, तिथे २५ चा घातला तर गाडी व्यवस्थित चालते; मग बिघडले कुठे? घरातल्या पांढऱ्या किटकॅट फ्यूजमध्ये दुहेरी तार पिळून बसवण्याची जी सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिचाच हा मोटारीतला अवतार. उदाहरणच घेऊ. हेडलाइटच्या ६०/५५ वॅटच्या दोन बल्बांना लो बीमवर मिळून साधारण ९ अँपिअर लागतात. १५ च्या फ्यूजवर ते निर्धास्त चालतात. कुणी जास्त उजेडासाठी १००/९० वॅटचे बल्ब घातले की तेच गणित १५ अँपिअरवर जाते, गाडी चालू असताना दाब वाढल्यामुळे त्याहूनही थोडे वर, आणि फ्यूज अधूनमधून उडू लागतो. तो सांगतो आहे की या तारेला एवढा भार झेपत नाही. २५ चा फ्यूज घातला की हे सांगणारे कुणी उरत नाही. मग वितळते ती स्टिअरिंगजवळच्या स्विचची जोडणी किंवा बल्बचे होल्डर, आणि काही रुपयांच्या फ्यूजऐवजी काही हजारांची वायरिंग बदलावी लागते. ‘व्यवस्थित चालते’ याचा इथे अर्थ एवढाच की नुकसान अजून दिसलेले नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. रात्री, भर पावसात, घाटात वायपर बंद पडला. जवळ फ्यूज नाही, मदत नाही. अशा वेळी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लावून खाली उतरले तर त्यात चूक काय? अडचण खरी आहे, उपाय मात्र चुकीचा आहे, कारण त्याहून चांगला उपाय त्याच पेटीत असतो. तेवढ्याच आकड्याचा आणि आकाराचा फ्यूज रेडिओच्या, सॉकेटच्या किंवा मागच्या काचेच्या हीटरच्या खाचेतून काढून वायपरला घालावा. तेवढ्या आकड्याचा नसेल तर किंचित कमी आकड्याचा चालेल. फार तर तो उडेल, तार जळणार नाही. फक्त ब्रेकचे दिवे, एबीएस, एअरबॅग यांचे फ्यूज उसने घेऊ नयेत. आणि उसना फ्यूजही लगेच उडाला तर सुरक्षित जागी गाडी लावून पाऊस ओसरण्याची वाट पाहावी. जो फ्यूज दोनदा उडाला त्याच्या जागी तार लावणे म्हणजे शॉर्ट असल्याची खात्री झाल्यावर संरक्षण काढून घेणे.

तिसरा आक्षेप असा की आताच्या गाड्या संगणकावर चालतात, त्यांत हात घालू नये. यात तथ्य आहे, आणि म्हणून मर्यादा स्पष्ट असाव्यात. पुस्तिकेत दाखवलेला पात्याचा फ्यूज तशाच फ्यूजने बदलणे हे मालकाचेच काम मानलेले आहे. त्यासाठीच तर झाकणात नकाशा आणि चिमटा दिलेला असतो. मात्र बॅटरीजवळ नट-बोल्टने आवळलेले ६०, ८०, १०० अँपिअरचे मुख्य फ्यूज कारागिरावर सोपवावेत. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावू नये. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी वेष्टनाच्या जाड तारांमध्ये शेकडो व्होल्ट असतात. तिकडे बोटही नेऊ नये. या गाड्यांतही दिवे, वायपर, हॉर्न बहुधा १२ व्होल्टवरच चालतात आणि त्यांचे छोटे फ्यूज आपण बदलू शकतो. काही नव्या गाड्यांत संगणकच जादा प्रवाह ओळखून तो गट बंद करतो, तिथे बदलायला फ्यूजच नसतो. पण तिथेही नियम तोच लागू आहे : संरक्षण एकदा तुटले तर एकदा पूर्ववत करून पाहावे, पुन्हा तुटले तर कारण शोधावे.

तयारी फार लागत नाही. गाडीतल्या दोन्ही पेट्या दिवसाउजेडी एकदा उघडून पाहा, झाकणावरच्या नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आपल्या गाडीला लागणाऱ्या आकाराचे आणि आकड्यांचे नावाजलेल्या कंपनीचे दोन-दोन फ्यूज, एक टेस्ट लॅम्प आणि एक लहान टॉर्च ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा एकदा बदला. तोही उडाला, तर तिसरा घालू नका; गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या, आणि दोन्ही उडालेले फ्यूज त्याच्या हातात द्या.